आसेगावातला वन बीएचके

बायकोशी न भांडता तिचा विचार बदलायचा असेल तर माझ्याकडे या. मी भाजीचा माणूस आहे. मंगरूळच्या बाजारात गिऱ्हाईक मेथी घ्यायला येतं, माझ्याकडून वांगी घेऊन जातं आणि घरी गेल्यावर सांगतं, वांगी घ्यायलाच गेलो होतो! समोरच्याच्या डोक्यात आपला विचार असा पेरायचा, की उगवल्यावर त्याला तो स्वतःचाच वाटला पाहिजे. ही कला सगळ्यांना जमत नाही. मला जमते, म्हणजे मागच्या महिन्यापर्यंत तरी जमत होती.

झालं असं. माझा मेव्हणा विकास पुण्याला असतो. दिवाळीत तो बहिणीला भेटायला आमच्या आसेगावला आला आणि जेवताजेवता म्हणाला की भाऊजी, तुमच्यासाठी तिकडे काम पाहून ठेवलं आहे. मोबाइलवर भाजी मागवली की घरपोच आणून देणारी कुठलीशी कंपनी होती, तिच्या गोदामात उभं राहून भेंडी निवडायची. लहान एकीकडे, मोठी एकीकडे. वर एसी आणि महिन्याला पगार. आता साळा जेवायला बसलाय, ताटात अनारसा आहे, अशा वेळी त्याला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मी म्हणालो, "पाहू ना, येऊ." आमच्याकडे 'पाहू, येऊ' म्हणजे विषय संपला. विकास पुण्यात राहून हे विसरला होता. त्यानं तिथंच फोन काढून कंपनीला कळवलं की माणूस पक्का झाला, पुढच्या महिन्यात येईल, नक्की तारीख मागाहून सांगतो.

माझी बायको रेणू भाजी वाढता वाढता थांबली. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की तेव्हाच मी काही बोलायला हवं होतं. नाही बोललो. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची पेटी खाली काढली आणि पुसून उन्हात ठेवली. सुट्टी संपल्याबरोबर आमच्या सायलीनं शाळेत सांगून टाकलं की मी आता पुण्याच्या शाळेत जाणार.

 पेटी उन्हात ठेवली त्या दिवशी बाबांनी बाडीतल्या वांग्यांना दोनदा पाणी दिलं. आमच्याकडे भाजीच्या मळ्याला बाडी म्हणतात. सकाळी दिलेलं विसरून बाबांनी दुपारी पुन्हा पाण्याचा दांड सोडला, वाफ्यात पाय रुतायला लागला. माझे बाबा, गुलाबराव, म्हणजे तांब्यात उरलेलं घोटभर पाणीसुद्धा तुळशीला नेऊन घालणारा माणूस. मी ते पाहिलं आणि जाऊन दांड बंद केला. मी पुण्याला गेलो की ही बाडी बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याच्या हाती जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मला जायचंच नव्हतं. सरळ सांगतो. पण रेणूला नाही कसं म्हणायचं? लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. साडी आणली तर नेसली, नाही आणली तर जुनी नेसली. पहिल्यांदा तिला काहीतरी हवंसं वाटलं होतं, आणि तेच मी हिसकावून घेऊ? म्हणून ठरवलं, नाही हा शब्द तिच्याच तोंडून आला पाहिजे.

विकासच्या घरभरणीला मी आठवडाभर पुण्यात राहून आलो होतो. सायलीची परीक्षा असल्यामुळे रेणू आली नव्हती, म्हणून तिनं ते पाहिलं नव्हतं. घर चांगलं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्या घरात सोफा रात्री पलंग होतो, त्यामुळे पाहुणा उठेपर्यंत घरच्यांना झोपता येत नाही. पाणी टँकरनं येतं, आणि टँकर आला की सगळी इमारत बादल्या घेऊन अशी पळते जणू आग लागली आहे. खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी. मिरची त्यांनी तळायची आणि शिंका आपण द्यायच्या. लिफ्टमध्ये एका माणसाला मी आपुलकीनं विचारलं, कोणतं गाव तुमचं? तर त्यानं खिशातलं पाकीट चाचपून पाहिलं! आणि सांभाराचं तर काही विचारू नका. तुम्ही त्याला कोथिंबीर म्हणता. दोऱ्यानं बांधलेल्या चार काड्या विकासच्या बायकोनं अशा जपून फ्रीजमध्ये ठेवल्या, की मला रडू यायचं बाकी राहिलं. तेवढा सांभार आमच्याकडे बकरीच्या तोंडून खाली पडतो.

हे सगळं रेणूला सांगून उपयोग नव्हता. मी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जायचं नाही म्हणून सांगता. तिला ते भोगायलाच लावायला हवं होतं. मग मला ती कल्पना सुचली. अजूनही म्हणतो, कल्पना वाईट नव्हती.

मी रेणूला म्हटलं की विकासला रविवारी तारीख कळवायची आहे, तर त्याआधी दोन दिवस आपण इथंच पुण्यासारखं राहून पाहू. सवय होईल. ती लगेच म्हणाली, "चालते." कुठलीही बाई नवऱ्याच्या असल्या योजनेला एका शब्दात हो म्हणाली, तर त्यानं तिथंच थांबावं. पण मी खुशीत होतो.

आमचं घर ऐसपैस आहे. त्यातली ओसरीला लागून असलेली पुढची खोली आणि तिच्या आतली कांद्याची खोली, एवढंच आमचं पुणं. बाकी घर आमच्यापुरतं बंद, तिथं माय-बाबा. पुढची खोली म्हणजे हॉल आणि बेडरूम, कांद्याची खोली म्हणजे किचन. कांदे एका कोपऱ्यात सारले, शेगडी आणि सिलिंडर तिथं आणून ठेवलं.

एक अडचण आली. पुण्यात दार दिवसभर बंद असतं, आणि आमच्या घरात न्हाणी सोडली तर एकाही दाराला आतून कडी नव्हती. बाबांनी कधी लावलीच नाही. बाहेरून कोयंडा आहे, गावाला जाताना कुलूप घालायला. घरात माणसं असताना आतून दार कशाला लावायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर आसेगावात दिवसाढवळ्या दार कुणीच लावत नाही. शेजारी येतात, माठातलं पाणी पितात, चहा होतो, कुणी बाजेवर आडवं होतं, कुणी विळा मागून नेतं. दार हे फक्त कुत्रं येऊ नये म्हणून. तर मी मंगरूळच्या दुकानातून एक भक्कम कडी आणली, लांब स्क्रू मारून आतून पक्की केली, आणि बाहेर सेलवर चालणारी बेल लावली. हे सगळं माझ्या या हातांनी केलं, हे लक्षात ठेवा.

बाबांना वॉचमन केलं. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची दिली, हातात काठी दिली आणि सांगितलं की कुणी आलं की आधी फोन करून या म्हणायचं. बाडीतली भाजीही त्यांच्याचपाशी ठेवली. रेणूला काही लागलं तर खिडकीतून त्यांच्याकडून विकत घ्यायचं, पुण्याच्या भावानं. बाबांनी का, कशाला, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "सांभार किती काड्यांचा बांधू?"

मायला शेजारीण केलं. माझी माय कस्तुराबाई. तिला सांगितलं की तू पलीकडच्या फ्लॅटमधली, आमच्याशी बोलायचं नाही, समोर आलीस तर नुसतं हसायचं. मायनं विचारलं, "काहून? शेजारीण मुकी असते काय तिकडची?" आणि दहा मिनिटांत खिडकीतून ठेचा घेऊन हजर झाली.

मी स्वतःला सगळ्यात कठीण काम दिलं होतं. पुण्यात विकास अंधारात निघतो आणि अंधारात परत येतो, निम्मा दिवस रस्त्यावरच जातो. म्हणून मी सकाळी डबा घेऊन मोटारसायकलवर निघायचं, मंगरूळपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं, आणि दिवेलागणीला थकून घरी यायचं. म्हणजे रेणूला कळेल की नवरा असून नसल्यासारखा असतो.

तुम्ही कधी काही काम नसताना दिवसभर मोटारसायकल चालवली आहे? बसण्याची जागा बधिर होते आणि डोकं भणभणतं. रस्त्याच्या कडेलाच माझी बाडी. प्रत्येक फेरीला ती दिसायची. भेंडी तोडायला आली होती. भेंडीचं असं असतं, आज तोडली तर बोटभर आणि कोवळी, उद्यावर टाकली की निबर, मग ती विळ्यानं कापावी लागते. मी येताजाता पाहत होतो, ती वाढत होती. हात नुसते शिवशिवत होते. पण ऑफिसला चाललेला माणूस मध्येच उतरून भेंडी तोडत नाही. स्टँडवरचा चहावाला रामसिंग मला सारखा जाताना-येताना पाहत होता. शेवटी त्यानं हात करून थांबवलं आणि विचारलं, "दिनेशभाऊ, काय हरपलं?" मी म्हणालो, काही नाही, ऑफिसला चाललो. त्यानं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि फार मायेनं विचारलं की रात्री झोप लागते का.

संध्याकाळी घरी आलो. बेल वाजवली. मला वाटलं होतं रेणू रडवेली होऊन दार उघडेल. तर ती न्हाऊन, केस मोकळे सोडून उभी! चेहरा ताजा. मी म्हणालो, "कंटाळली असशीन."

"नाई," ती म्हणाली, आणि खिचडी वाढली.

दाखवत नसेल, असं मला वाटलं. मानी बाई आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मी औषधाचा डोस वाढवला. टाकीचा वॉल बंद केला आणि दोनच बादल्या दिल्या. सायली शाळेत गेल्यावर माझ्या जुन्या मोबाइलवर पुण्याच्या एका चौकातल्या हॉर्नचा आवाज लावून तो खिडकीत ठेवला. आता पाहू, म्हणालो, आणि निघालो ऑफिसला.

आणि इथं माझा हिशेब चुकला. मी रेणूचा विचार केला, पुण्याचा केला, पण आसेगावचा केलाच नाही.

आमच्या समोर मंजूवहिनी राहतात. त्यांचं नाक म्हणजे काय सांगू! गल्लीत कुणाच्या घरी तेल बदललं तरी त्यांना कळतं. आदल्या दिवशीच त्यांना एक गोष्ट खटकली होती. आमच्या एका घरातून दोन फोडण्यांचा वास येत होता. मागून मायची लसणाची, पुढून रेणूची जिऱ्याची. आता पुण्यामुंबईच्या वाचकांना यात काय विशेष, असं वाटेल. पण आमच्याकडे एका घरातून दोन फोडण्या आल्या, की त्याचा अर्थ एकच. चूल वेगळी झाली. मुलगा बापापासून वाटून निघाला.

मंजूवहिनींनी मग नीट पाहायला सुरुवात केली. आणि पाहिलं काय? दिवसाढवळ्या गुलाबरावांच्या घराचं दार आतून बंद. गुलाबराव सकाळपासून बाहेर ओट्यावर, एकटे, काठी धरून. कस्तुराबाई मागच्या दारानं येऊन सुनेला खिडकीतून चोरून ठेचा देतात. सून सासऱ्याकडून सांभार घेते आणि त्याच्या हातावर पैसे ठेवते! सांभार कसला, तर चार काड्यांचा. पाण्याची टाकी बंद. मुलगा वेड्यासारखा दिवसभर रस्त्यानं फिरतो. एवढ्यात स्टँडवरून रामसिंगचा निरोप आला, की दिनेशच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, सांभाळा.

मंजूवहिनींनी जगदेवकाकांना सांगितलं. जगदेवकाका बाबांचे चुलतभाऊ. गावात कुणाची वाटणी असली की मध्यस्थीला तेच. त्यांच्या खिशात मोजायची टेप कायम असते. काकांनी आधी कारंज्याला माझ्या बहिणीला, राधिकाला, फोन केला. फोनवर नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की घर फुटलं, लवकर ये. राधिका हातातलं पीठ तसंच ठेवून एसटीत बसली.

मी दुपारी मंगरूळहून परतत होतो. गल्लीच्या तोंडाशी आलो तर आमच्या घरासमोर माणसंच माणसं. बायका डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला, माणसं एका बाजूला. आणि राधिका, जी कारंज्याला असायला हवी होती, ती मायच्या गळ्यात पडून रडत होती.

 बाबा. दुसरं काही सुचलंच नाही. त्या दिवशी वांग्यांना दोनदा पाणी दिलं होतं त्यांनी. मोटारसायकल मी तिथंच टाकली, स्टँडसुद्धा लावला नाही, आणि माणसं सारत आत घुसलो. तर बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. हातात काठी. समोर माझ्याच बाडीतली वांगी. मी त्यांच्या गुडघ्यांना हात लावला आणि तिथंच खाली बसलो. 

"आला पाहा," जगदेवकाका म्हणाले. "बापाले ओट्यावर बसवून गावभर फिरून राह्यला. लाज वाटते काय?"

मी सांगायला सुरुवात केली. काका, तसं नाही, आम्ही पुण्याची प्रॅक्टिस करतो आहोत. हे वॉचमन आहेत, ती शेजारीण आहे, हा सांभार पुण्याचा आहे. जसजसं बोलत गेलो तसतसे लोक गर्दीत आलेल्या रामसिंगकडे पाहत गेले, आणि रामसिंग मान हलवत गेला. राधिकानं रडतारडता विचारलं की दादा, काय खाल्लं तू, काय लागलं तुला? खिडकीतून पुण्याच्या चौकातले हॉर्न वाजत होते, त्यात माझंच मला ऐकू येईना.

शेवटी काकांनी मला बाजूला सारलं आणि बाबांच्या समोर उकिडवे बसले.

"गुलाबराव, पोराचं झाकू नको. खरं सांग. काढलं ना तुले घराबाहेर?"

बाबा काठीचं टोक ओट्यावर वाजवत होते.

"आज नाई काढलं बावा," ते म्हणाले. "आज खेळ हाये. खरं तं पुढच्या महिन्यात हाये. मंग हे कवाड असंच बंद राहीन, अन् मी असाच बाहेर बसीन. म्हटलं, आतापासून बसून पाहू, जमते काय."

 मला त्यांच्याकडे पाहवेना. रेणूला पुणं भोगायला लावायचं म्हणून मी हा सगळा उपद्व्याप केला होता, आणि दोन दिवस पुणं भोगत होता तो हा म्हातारा, ओट्यावर बसून.

तेवढ्यात राधिकानं डोळे पुसले आणि विचारलं, "पन वहिनी कुठी हाये?"

खरंच! एवढा गाव दारात गोळा झाला, एवढी रडारड झाली, आणि रेणू बाहेर आली नव्हती. मी बेल दाबली. पुन्हा दाबली. दार वाजवलं. हाका मारल्या. आत चिडीचूप. खिडकीतून हॉल दिसत होता, कांद्याची खोली दिसत नव्हती. आणि मंजूवहिनींचं ते नाक अचानक ताठ झालं. त्या म्हणाल्या की आत शेगडी आहे ना, सिलिंडर आहे ना, त्या कोंदट खोलीत?

मग जे झालं ते मला नीट आठवत नाही. मी दाराला धक्के मारत होतो. कडी हलत नव्हती. लांब स्क्रू कुणी मारले होते? मीच! माय देवाचं नाव घ्यायला लागली. जगदेवकाका म्हणाले, बाजूला व्हा सगळे. त्यांनी धोतर खोचलं, ओट्याच्या टोकापर्यंत मागे गेले, आणि खांदा पुढे करून बैलासारखे धावत आले. एक धडक बसली, चौकट करकरली. दुसऱ्या धडकेला ते पुन्हा मागे गेले, पुन्हा धावले, आणि बरोबर त्याच वेळी रेणूनं आतून कडी काढली.

काका थांबले नाहीत. काकांना थांबताच आलं नाही. ते उघड्या दारातून सरळ आत गेले, हॉल ओलांडला, किचनमध्ये शिरले आणि कांद्यांत जाऊन पडले. थोडा वेळ नुसते कांदे घरंगळण्याचा आवाज येत राहिला.

रेणू दारात उभी होती. गालावर उशीचा वळ, डोळे झोपेनं जड. एवढी माणसं पाहून तिनं घाईघाईनं पदर घेतला.

मी ओरडलोच. "काय करून राह्यली होती तू?"

"झोपली होती," ती म्हणाली. "आत, कांद्यापाशी. तिथं खिडकीतून कोनाले दिसत नाई."

भर दुपारी? गल्लीतल्या सगळ्या बायकांनी एकदम एकमेकींकडे पाहिलं. रेणू आधी ओशाळली. मग तिची नजर बाबांच्या खुर्चीकडे गेली, राधिकाच्या डोळ्यांकडे गेली, आणि काय झालं ते तिच्या लक्षात आलं असावं. ती हळूहळू बोलायला लागली. म्हणाली की लग्न होऊन या घरात आल्यापासून मी दुपारची झोपली नव्हती. पाठ टेकली की कुणीतरी येतं. पाणी प्यायला, विळा न्यायला, निरोप सांगायला. येऊ नये असं नाही, पण आलं की उठावं लागतं. काल मी गरम चहा प्यायली, शेवटच्या घोटापर्यंत गरम. केस वाळेपर्यंत बसून राहिली. आज तर खिडकीत हॉर्न चालू होते तरी डोळा लागला.

"लय गोड झोप लागली," ती म्हणाली. "त्या हॉर्नमधी 'रेणू, चहा मांड' असं कोनीच म्हनत नाई ना."

मंजूवहिनींनी मान खाली घातली. रोज दुपारचा चहा त्यांचाच असायचा.

मी विचारलं, म्हणजे तुला पुणं आवडलं तर. हे विचारायला मी भीत होतो, लपवत नाही. कारण उत्तर हो आलं असतं तर मग बोलायला काही उरलंच नसतं. बाबा खुर्चीवरून उठले नव्हते, पण त्यांची काठी वाजायची थांबली होती.

"काय हाये तिकडे?" रेणू म्हणाली. "दोन बादल्या पानी, चार काड्या सांभार, अन् तुमी दिवसभर गाडीवर. मामाजी बाहेर अन् मी आत. मले पुनं नाई पायजे. मले फक्त हे कडी पायजे. मले वाटलं, कडी पुन्यालेच भेटते. इथंच लागते हे मले काय मालूम?"

एवढंच होतं ते! एक कडी! तिच्यासाठी मी पेटी उतरू दिली, शाळा बदलायला निघालो, भेंडी निबर केली आणि बापाला ओट्यावर बसवलं. तिनं कधी मागितली नाही, कारण ती मागायची गोष्ट आहे हे तिलाही वाटलं नव्हतं. आणि मला दिसली नाही, कारण दुपारी झोपणाऱ्यांत मीही होतो.

बाबा उठले. दारापाशी गेले, वाकून कडी पाहिली, बोटानं हलवून पाहिली.

"जगदेवच्या खांद्यानं ढिली झाली," ते मला म्हणाले. "आनखी लांब स्क्रू आन."

मग राधिका हसायला लागली, आणि रडण्यासारखंच तिला हसणंही आवरेना. मायनं शेजारीणपण सोडलं आणि सरळ आत येऊन रेणूच्या केसांवरून हात फिरवला. जगदेवकाका कांद्याची टरफलं झटकत बाहेर आले आणि म्हणाले की आता आलोच आहे तर निदान चहा तरी मांडा. सगळ्या बायकांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ते मुकाट्यानं रामसिंगच्या टपरीवर गेले. त्याच संध्याकाळी मी विकासला फोन करून सांगितलं की आमचं येणं रद्द. तो रागावला. मी म्हणालो, कंपनीला सांग, भेंडी निबर झाली.

पेटी माळ्यावर गेली. सायलीनं शाळेत सांगितलं की पुणं रद्द झालं, कारण काका कांद्यात पडले. बाबांनी बाडीचा दांड पुन्हा मोजून मापून सोडायला घेतला.

कडी मात्र राहिली. रोज जेवणं आटोपली की रेणू आत जाते, दार लावते, आणि गल्लीत सांगतात की रेणूचं पुणं लागलं. ते उघडेपर्यंत आमच्याकडे कुणी येत नाही. मंजूवहिनींनीही कडी बसवून घेतली. राधिका कारंज्याला जाताना मंगरूळच्या त्याच दुकानातून एक घेऊन गेली, आणि दुकानदार म्हणतो की आसेगावात चोऱ्या वाढल्या काय? दुपारच्या वेळी आमच्या गल्लीतली सगळी बाप्ये माणसं ओट्यांवर बसलेली असतात. बाहेर बरं वाटतं, असं एकमेकांना सांगतात.

आता हे सगळं मी तुम्हाला ओट्यावर बसूनच सांगतो आहे. आज बाडीतून यायला उशीर झाला, जेवण राहिलं, भूक मी म्हणते आहे. मघापासून बेल दाबतो आहे. वाजत नाही. बाबा वॉचमनच्या खुर्चीत निवांत बसले आहेत. ती खुर्ची त्यांनी परत केलीच नाही. शेवटी मी त्यांना म्हणालो की बाबा, बेलचे सेल संपलेले दिसतात, संध्याकाळी नवे आणतो.

बाबांनी खिशात हात घातला आणि दोन सेल काढून दाखवले.

"संपले नाई," ते म्हणाले. "सून जेवन झालं की माह्यापाशी देऊन जाते. बस खाली, झोप झाली की उठीन ते."